मातीच्या धरणाची प्रतवारी

लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांचा इतिहास लिहिण्याची वहिवाट जुनी आहे. मोठीं धरणें, मोठे पूल यांचाहि इतिहास अलीकडे लिहिला जातो. परंतु ओढ्यावर घातलेल्या तीस-चाळीस फूट उंचीच्या मातीच्या बांधाचा इतिहास लिहावा, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. त्याच्या उद्घाटनास मोठा समारंभ होत नाहीं, त्याचें नांव भूगोलाच्या पुस्तकांत येत नाहीं, आणि अंगावर गवत एकदां नीट रुजलें म्हणजे हा बांध आहे कीं मूळचीच टेकडी आहे, हें नव्या माणसास ओळखूंहि येत नाहीं. ह्या विस्मृतींतच त्याचा मोठा धोका दडलेला असतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्याकरितां उदाहरण घेतलें आहे तें अमेरिकेंतील. केवळ पूर अडविण्यासाठीं लहान लहान मातीचीं धरणें हजारोंनीं बांधण्याचा प्रयोग तेथें झाला, आणि अशा धरणांची प्रतवारी लावण्याची पद्धत, पुष्कळ माणसें मेल्यानंतर कां होईना, तेथें देशभर लागू झाली.

वॉशिटा ही टेक्सासच्या उत्तर टोकाकडील माळावर उगम पावून ओक्लाहोमा राज्यांतून वाहत जाणारी आणि शेवटीं रेड नदीस मिळणारी नदी. पहिल्या महायुद्धाच्या काळांत गव्हास चढा भाव आला, तेव्हां त्या बाजूच्या माळांवरील पिढ्यान्‌पिढ्यांचें गवत नांगराखालीं गेलें. पुढें भाव उतरले, अवर्षण आलें, आणि उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडूं लागली. धुळीच्या त्या वादळांची हकीकत पुष्कळांनीं वाचली असेल. परंतु जी जमीन वाऱ्यापुढें टिकत नाहीं ती पाणीहि जिरवूं शकत नाहीं, ही गोष्ट तितकी प्रसिद्ध नाहीं. १९३४ सालच्या एप्रिल महिन्यांत, ३ तारखेच्या रात्रीं आणि ४ तारखेच्या पहाटें, ह्या खोऱ्याच्या वरच्या भागांत मुसळधार पाऊस कोसळला आणि हॅमन गांवाच्या परिसरांत १७ माणसें बुडून मेलीं. अवर्षणाच्या ऐन मध्यांत महापूर यावा हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें; पण दोन्ही आपत्तींची तीव्रता वाढविणारें कारण एकच होतें, आणि तें म्हणजे उघडी बोडकी जमीन.

पुढच्याच वर्षीं, १९३५ सालीं, अमेरिकेंत मृद्संधारणाचें स्वतंत्र खातें निघालें व ह्यू हॅमंड बेनेट हे त्याचे पहिले प्रमुख झाले. पूर कोठें अडवावा, ह्याबद्दल त्या काळीं मोठा वाद चालू होता. लष्करी इंजिनियरांचें म्हणणें, मोठ्या नदीवर मोठें धरण बांधावें. शेतकी खात्याच्या लोकांचें म्हणणें, पाऊस जेथें पडतो तेथेंच, म्हणजे ओढ्यांच्या उगमाकडे, पाणी अडवावें. ज्या शेतकऱ्याचें शेत मोठ्या धरणाच्या वर आहे त्याला त्या धरणाचा काय उपयोग, हा दुसऱ्या पक्षाचा प्रश्न बिनतोड होता. शेवटीं दोन्ही मार्ग चालूं द्यावे असें ठरलें. १९४४ सालच्या डिसेंबर महिन्यांत झालेल्या पूरनियंत्रणाच्या कायद्यानें अकरा खोऱ्यांत लहान धरणांचा प्रयोग करण्यास मंजुरी मिळाली, त्यांत वॉशिटेचें खोरें होतें. त्याच खोऱ्यांत, कॉर्डेल गांवाजवळच्या क्लाऊड क्रीक नांवाच्या ओढ्यावर, ८ जुलै १९४८ रोजीं ह्या योजनेंतील पहिलें धरण पुरें झालें. १९५४ सालच्या दुसऱ्या एका कायद्यानें हीच योजना देशांतील इतर लहान खोऱ्यांना मोकळी झाली, आणि पाहतां पाहतां ४७ राज्यांत मिळून अशीं सुमारे ११,८०० धरणें उभीं राहिलीं. त्यांपैकीं दोन हजारांहून अधिक एकट्या ओक्लाहोमांत आहेत.

ह्या धरणाची रचना समजून घेतल्यावांचून पुढची गोष्ट कळणार नाहीं. पायांत आडवा खंदक खणून त्यांत चिकण माती ठोकून भरतात, म्हणजे भिंतीखालून पाणी पाझरण्यास वाट राहत नाहीं. मग ओलसर मातीचे थरावर थर पसरून प्रत्येक थर रुळानें दाबतात. माती फार कोरडी असली तर बसत नाहीं, फार ओली असली तर चिखल होतो; सारें कौशल्य ह्या ओलाव्याच्या मापांत आहे. जलाशयाच्या तळाशीं येणाऱ्या गाळाकरितां जागा ठेवलेली असते, आणि ती सामान्यतः ५० वर्षांच्या गाळास पुरेल अशा हिशोबानें. त्या जागेच्या वर तोंड येईल अशी एक काँक्रीटची उभी कोठी बांधतात व तिच्या बुडापासून भिंतीच्या पोटांतून एक नळ बाहेर काढतात. पूर आला म्हणजे पाणी कोठीच्या तोंडापर्यंत चढतें, आंत पडतें, आणि नळावाटें बेताबेतानें कित्येक दिवस वाहत राहतें. जो लोंढा एका रात्रींत शेतें धुवून नेणार तो आठवडाभराचा ओहोळ होऊन जातो. कोठी व नळ यांना झेपणार नाहीं इतकें पाणी आलें, तर भिंतीच्या एका कडेस टेकडींत खोदलेला रुंद, गवताचा सांडवा असतो. जास्तीचें पाणी त्यावरून निघून जातें. पूर उतरविण्यासाठीं कोणताहि दरवाजा उघडावा लागत नाहीं, म्हणून तेथें पहारेकरीहि नसतो. ज्याला कोणी हात लावावा लागत नाहीं असें हें धरण आहे, हाच त्याचा गुण; आणि ज्याच्याकडे त्यामुळें कोणी पाहत नाहीं असें तें आहे, हाच त्याचा दोष.

मातीच्या भिंतीचे शत्रु थोडे आहेत, पण चिवट आहेत. सांडवा अपुरा पडून पाणी माथ्यावरून वाहूं लागलें, तर तें पाहतां पाहतां मागची उतरण खणून काढतें. नळाच्या बाहेरच्या अंगास लागून पाझर सुरू झाला, तर पाणी मातीचा कण कण घेऊन बाहेर पडतें आणि आंतल्या आंत बीळ पोखरीत जातें. उंदीर-घुशींच्या जातीचे प्राणी त्याला आयतीं बिळें करून देतात. भिंतीवर झाड वाढलें तर सावली चांगली पडते, पण तें वठल्यावर त्याचीं मुळें कुजून त्या जागीं पोकळ वाटा राहतात. म्हणूनच जुना अनुभवी माणूस धरणावर गेला कीं प्रथम मागच्या पायथ्याशीं जाऊन पाहतो: पाझर आहे काय, आणि असल्यास पाणी नितळ आहे कीं गढूळ. नितळ पाझर एक वेळ सोसतां येतो. पाणी गढूळ झालें म्हणजे भिंत वाहून जाऊं लागली असें समजावें.

असा अनुभव जगाजवळ पूर्वींपासून होता, तरी त्याची व्यवस्थित नोंद ठेवण्याची सक्ती कोणावर नव्हती. पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील साऊथ फोर्क येथील मातीचें धरण ह्याची साक्ष देतें. तें पूर अडविण्याकरितां नव्हे, तर कालव्यास पाणी पुरविण्याकरितां बांधलेलें होतें. कालवा निरुपयोगी झाल्यावर तें हातोहात फिरत अखेर १८७९ सालीं कांहीं धनिकांच्या मंडळाकडे मासेमारी व जलविहार ह्यांसाठीं गेलें. तळाचें पाणी सोडण्याचे नळ पूर्वींच्या एका मालकानें काढून घेतले होते, ते परत बसविले गेले नाहींत. मासे निसटूं नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशीं जाळ्या आल्या, आणि माथ्यावरून गाड्या जाव्यात म्हणून भिंतीचा माथा कांहींसा उतरविला गेला. १८८० सालीं जॉन फुल्टन नांवाच्या इंजिनियरानें जाऊन पाहणी केली व दोष लेखी कळविले. त्यांची वासलात मालकांनीं आश्वासनाच्या चार शब्दांत लावली. ३१ मे १८८९ रोजीं पाणी माथ्यावरून गेलें, भिंत फुटली, आणि चौदा मैल खालच्या जॉन्सटाऊन शहराच्या बाजूस २,२०९ माणसें मेलीं. मंडळाविरुद्ध एकहि दावा यशस्वी झाला नाहीं. फुल्टनचा अहवाल खरा होता. परंतु खरा अहवाल मानलाच पाहिजे असा कायदा नव्हता.

तो कायदा येण्यास आणखी ८३ वर्षें लागलीं. १९७२ सालच्या फेब्रुवारींत वेस्ट व्हर्जिनियांतील बफेलो क्रीक येथें कोळशाच्या खाणींतील टाकाऊ मालाचा बांध फुटून १२५ माणसें मेलीं. जूनमध्यें साऊथ डकोटांतील रॅपिड सिटीस महापूर आला, त्यांत कॅनियन लेक धरण फुटलें, आणि त्या पुरांत एकंदर २३८ माणसें गेलीं. ऑगस्टमध्यें कायदा झाला कीं, देशांतील धरणांची मोजदाद करावी व तपासणी करावी. मोजदाद झाली, तपासणीस मात्र पैसा मिळाला नाहीं. पुढें १९७७ सालच्या नोव्हेंबरच्या ६ तारखेस, मध्यरात्रीनंतर, जॉर्जिया राज्यांतील टोकोआ फॉल्स येथील एका धर्मशिक्षणाच्या कॉलेजच्या वरच्या बाजूस असलेलें केली बार्न्स नांवाचें धरण फुटलें. उंची अवघी सुमारे ४० फूट. एके काळीं वीज उत्पन्न करण्यासाठीं तें होतें, तो उपयोगहि वीस वर्षांपूर्वीं संपला होता. खालीं विद्यार्थी व त्यांचीं कुटुंबें झोंपलेलीं होतीं. ३९ जीव गेले. त्या राज्यांत तोंवर धरणांच्या सुरक्षिततेचा कायदाच नव्हता. तो दुसऱ्या वर्षीं झाला. अध्यक्ष कार्टर ह्यांनीं तपासणीचा हुकूम सोडला, आणि पुढील चार वर्षांत, ज्यांच्या फुटण्यानें माणसें मरतील अशीं सुमारे ८,८०० धरणें तपासलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारे २,९०० असुरक्षित निघालीं. बहुतेकांचा दोष एकच: सांडवा अपुरा.

ह्या तपासणींतून जी प्रतवारी रूढ झाली तिच्यांतच ह्या लेखाचें मर्म आहे. आपल्याकडे जमिनीची प्रतवारी लावतांना कारकून जमिनीकडे पाहतो: माती काळी कीं मुरमाड, खोल कीं उथळ. धरणाची पहिली प्रतवारी लावतांना मात्र इंजिनियर धरणाकडे पाठ करून उभा राहतो आणि खालचीं घरें मोजतो. हें धरण फुटलें तर माणसें मरतील काय? मरणार असतील तर प्रत ‘मोठ्या धोक्याची’. माणसें न मरतां रस्ते, पूल, मालमत्ता यांचेंच भारी नुकसान होणार असेल तर ‘मध्यम धोक्याची’. नुसतीं मालकाचीं शेतें भिजणार असतील तर ‘अल्प धोक्याची’. ह्या प्रतीचा धरणाच्या मजबुतीशीं कांहीं एक संबंध नाहीं. भक्कम, निर्दोष धरणसुद्धां मोठ्या धोक्याच्या प्रतींत असूं शकतें, आणि भेगाळलेलें, गळकें धरण अल्प धोक्याच्या प्रतींत. धरणाच्या प्रकृतीची प्रत निराळी लावतात: समाधानकारक, बरी, वाईट, असमाधानकारक, आणि ज्यांची पाहणीच झाली नाहीं त्यांसाठीं ‘प्रत लावलेली नाहीं’ असाहि एक रकाना आहे.

ह्या दोन प्रतींची गल्लत सामान्य वाचक नेहमीं करतो. ‘मोठ्या धोक्याचें’ असा शब्द वाचून त्याला वाटतें, भिंत आतां पडणार. ‘अल्प धोक्याचें’ असें वाचून तो निर्धास्त होतो. दोन्ही समजुती चूक आहेत. एक प्रत सांगते कीं पडल्यास काय होईल. दुसरी सांगते कीं पडण्यासारखी स्थिति आहे कीं नाहीं. वैद्य रोग्याची नाडी पाहतो आणि त्याच्या जिवावर किती माणसें अवलंबून आहेत हेंहि विचारतो, परंतु एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या जागीं लिहीत नाहीं. धरणाच्या बाबतींत दोन्ही उत्तरें एकत्र वाचलीं तरच त्यांचा अर्थ लागतो, आणि ज्याच्या नांवापुढें ‘मोठा धोका’ व ‘वाईट प्रकृति’ हीं दोन्ही आलीं तें धरण आधीं दुरुस्त करावें, एवढाच ह्या सगळ्या खटाटोपाचा व्यावहारिक सार आहे.

आतां वॉशिटेसारख्या खोऱ्यांतील त्या हजारों लहान धरणांकडे परत येऊं. तीं बांधलीं तेव्हां पुष्कळांच्या खालीं केवळ शेतें होतीं. खात्याच्या इंजिनियरांनीं तेव्हांहि आपल्यापुरते तीन वर्ग ठरविलेले होते, आणि खालीं वस्ती नसलेलें धरण सर्वांत खालच्या वर्गांत पडे. अशा धरणाचा सांडवा लहान ठेवीत. शेताच्या रक्षणासाठीं शहराच्या रक्षणाइतका खर्च करणें शहाणपणाचें नव्हतें, आणि त्यांत चूक कांहीं नव्हती. परंतु धरणानें आपलें काम चोख बजावलें. पूर येईनासा झाला. ज्या सपाटीस पूर्वीं कोणी घरासाठीं हात लावीत नसे ती जमीन सोयीची, शिवाय जवळ तळें, असें म्हणून लोक तेथें घरें बांधूं लागले. कोणी अपराध केला नाहीं. शेतकऱ्यानें आपली जमीन विकली, घर घेणाऱ्यानें आपल्या पैशांनीं घर घेतलें. भिंत होती तेथेंच होती, तशीच होती. तिच्या अंगावर एक भेग पडली नाहीं, पण एके दिवशीं तिची प्रत पालटली, आणि अल्प धोक्याचें धरण मोठ्या धोक्याचें ठरलें. ज्या सांडव्याची रुंदी शेतांच्या हिशोबानें धरली होती तो घरांच्या हिशोबानें अपुरा झाला. पूर अडविण्याच्या यशानेंच हा नवा धोका जन्मास घातला.

जबाबदारीची वांटणी पाहिली म्हणजे ह्या अडचणीची खोली कळते. हीं धरणें मध्यवर्ती सरकारच्या पैशानें व इंजिनियरांच्या देखरेखीखालीं बांधलीं गेलीं. परंतु त्यांच्या देखभालीचा भार स्थानिक मंडळांनीं उचलावयाचा, अशी अट होती. शेतकऱ्यांनीं आपापली जमीन पाण्याखालीं जाऊं देण्याचा हक्क लिहून दिला. पन्नास वर्षें हिशोबांत धरलेलीं होतीं. तीं पहिल्या धरणांचीं शतक संपण्याच्या सुमारास भरलीं. गाळाची जागा भरत आली, लोखंडी नळ गंजले, आणि करार करणारी पिढी निघून गेली. शेवटीं नोव्हेंबर २००० मध्यें कायदा करून दुरुस्तीच्या खर्चांपैकीं शेंकडा ६५ भाग मध्यवर्ती सरकारनें व ३५ भाग स्थानिकांनीं सोसावा असें ठरलें. घरें बांधण्यास परवानगी देणारा एक, धरणाची प्रत लावणारा दुसरा, दुरुस्तीचा पैसा देणारा तिसरा. ह्या तिघांची गांठ पडली नाहीं तर प्रतवारीचा कागद कितीहि अचूक असला तरी त्याची किंमत फुल्टनच्या पत्राइतकीच.

महाराष्ट्राच्या वाचकास हें प्रकरण परदेशचें वाटण्याचें कारण नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण, बांधकाम पुरतें संपण्यापूर्वींच, फुटलें. त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याची भिंतहि गेली व पुण्याच्या नदीकांठच्या पेठा उध्वस्त झाल्या. तें धरण मोठें होतें, म्हणून त्याची आठवण राहिली. २ जुलै २०१९ च्या रात्रीं रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील मातीचें धरण फुटलें आणि खालची भेंदवाडी वाहून जाऊन वीसच्या आसपास माणसें मेलीं; हें धरण लघुप्रकल्पांत मोडणारें. गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती, असें त्या वेळीं वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें. आपल्या देशांत धरणांच्या दोषांचे तीन वर्ग आहेत: पहिल्यांत तीं धरणें, ज्यांचे दोष फुटण्याइतके गंभीर, दुसऱ्यांत तीं, ज्यांची दुरुस्ती लवकर हवी, तिसऱ्यांत किरकोळ दोषांचीं अथवा निर्दोष. ही प्रत धरणाच्या प्रकृतीची. ३० डिसेंबर २०२१ पासून अंमलांत आलेल्या धरण-सुरक्षितता कायद्यानें धोक्याचें वर्गीकरणहि करण्याचें कर्तव्य राज्यांतील यंत्रणेवर टाकलें, ही योग्य गोष्ट झाली. मात्र तो कायदा १५ मीटरांहून उंच आणि कांहीं अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपुरता आहे. त्याहून ठेंगणे गांवतळ्यांचे बांध व पाझर तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तीस फूट उंचीचा बांध कागदावर लहान असतो. पण त्याच्या खालीं पायथ्याशीं जें घर आहे त्याच्या दृष्टीनें तो लहान नसतो.

ह्या सर्व इतिहासांतून निघणारें तात्पर्य साधें आहे. धरणाची प्रत ही एकदां लावून कपाटांत ठेवण्याची वस्तु नव्हे. खालीं एक घर वाढलें कीं ती पुन्हां लावावी लागते, आणि पायथ्याचा पाझर गढूळ झाला कीं तीहि तत्काळ बदलते. पहिल्या बदलाची खबर ग्रामपंचायतीस असते, दुसऱ्याची गुराख्यास. प्रत लावणारा इंजिनियर वर्षांतून एकदोनदां येतो. हे दोघे रोज तेथें असतात. त्यांचें म्हणणें इंजिनियरापर्यंत, आणि इंजिनियराचें म्हणणें त्या घरांतील माणसांपर्यंत, पावसाळ्यापूर्वीं पोंचावें, अशी सोय ज्या देशानें केली त्याची प्रतवारी खरी. गवतानें झांकलेला बांध टेकडीसारखा दिसतो, परंतु टेकडी कोणी बांधलेली नसते. बांध माणसांनीं बांधलेला असतो, आणि म्हणून त्याच्याकडे पाहत राहण्याचें काम माणसांनाच सोडतां येत नाहीं.